भोपळ्यातली म्हातारी वर्गात कशी आली

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की नेहमीच्या धड्यांत मुलांचं मन लागत नाही. अशा वेळी एखादी लोककथा घेऊन तिच्याभोवती भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला असं सगळं गुंफणारे शिक्षक बरेच आहेत. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही त्यासाठी हक्काची कथा. काही पालकांना हा सुट्टीपूर्वीचा वेळकाढूपणा वाटतो. तसं मुळीच नाही. या पद्धतीमागे दीडशे वर्षांचा शिक्षणविचार आहे आणि कथेचं वय तर त्याहून कितीतरी जास्त.

कथा सगळ्यांना पाठ आहे. म्हातारी लेकीकडे निघते, रानात कोल्हा, वाघ भेटतात, खायला उठतात. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असं सांगून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या कल्पनेला 122F हा क्रमांक आहे. हिची भावंडं दूरवर पसरली आहेत. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या 1910 सालच्या बंगाली संग्रहात कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि दुधीच्या पोटात बसून परतते. इराणातही लेकीला भेटून भोपळ्यातून गडगडत येणारी म्हातारी आहे. पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू येतं. ते आजीकडे जाऊन लठ्ठ होतं आणि ढोलकीत बसून घरी निघतं. इंग्रज लेखिका फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांनी ती कथा एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवली होती.

बंगालीत दुधी आणि मराठीत भोपळा, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दुधीवर्गातला भोपळा आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. वाळवून पोकळ केलेल्या त्या फळापासून वीणेचे, तंबोऱ्याचे भोपळे होत आले. मुलं आज चित्रात रंगवतात तो लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिका खंडातला. मिरची, काजू, पपई यांच्याप्रमाणे तोही पोर्तुगीजांच्या समुद्री व्यापारामुळे इकडे पोचला असं मानलं जातं. म्हणजे म्हातारीचं वाहन बहुधा वाटेत बदललं, आणि त्या बदलाची एक वाट गोव्याच्या बंदरांतून जाते. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगलेली फळं-भाज्या दाखवत ‘यातलं इथलं काय आणि बाहेरून आलेलं काय’ असं विचारलं, की इतिहास, भूगोल आणि विज्ञान एकाच तासात येतात. असा प्रश्न कथेच्या पोटातूनच उगवतो, वरून चिकटवावा लागत नाही.

वर्गातल्या वापराचा इतिहास जर्मनीत सुरू होतो. तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट यांच्या विचारांवर उभं राहून लाइपझिगच्या टुइस्कोन झिलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलं, की लहान वर्गांचे सगळे विषय एका कथेभोवती बांधावेत. पहिल्या वर्षी ग्रिम बंधूंच्या निवडक परीकथा, दुसऱ्या वर्षी रॉबिन्सन क्रूसो. कल्पना मोठी होती, पण ओढूनताणून जोडलेल्या दुव्यांमुळे तिच्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. आजही कार्यपत्रिकेवर ‘पाच भोपळे अधिक तीन भोपळे’ लिहून कुणी कथा गणिताला जोडली म्हणत असेल, तर तोच दोष पुन्हा घडतो. त्या बेरजेला म्हातारी कशाला हवी?

आपल्याकडे ही वाट वेगळी फुटली. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं आणि गोष्टीला शिक्षणात पहिलं स्थान दिलं. मुलांनी गोष्ट आधी मनसोक्त ऐकावी, वाचन, नाट्य, शिस्त हे सारं तिच्यामागून येतं, हा त्यांचा अनुभव. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत रुजवला. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. पानं, बिया, शंख-शिंपले हीच तिथली साधनं. दुसरीकडे 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीममधून समवाय, म्हणजे विषय एकमेकांशी जोडून शिकवणं, आला. त्यात केंद्रस्थानी हस्तोद्योग होता, गोष्ट नव्हती, पण विषयांच्या भिंती पाडायची सवय शिक्षकांना तिथून लागली.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत मराठी शिक्षण प्रामुख्याने खाजगी प्रयत्नांवर तगलं, कुठे देवळाच्या आवारात, कुठे कुणाच्या ओसरीवर. 1961 च्या मुक्तीनंतर आणि विशेषतः 1963 मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांत शिकवायला महाराष्ट्रातूनही शिक्षक आले. पुस्तकी मराठी वर्गात होती, पण बऱ्याच मुलांच्या घरी कोकणी. या दोहोंमध्ये पूल बांधायचं काम लोककथेने केलं, कारण ती मुलाला कळायला व्याकरण लागत नाही, पालुपद पुरतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गोष्टीवर आधारित अध्यापन आणि विषयांमधले संबंध शोधणं सर्व टप्प्यांवर असावं असं म्हटलं, तेव्हा इथल्या जुन्या शिक्षकांना त्यात नवं काही वाटलं नसेल.

गोव्यात या कथेला स्वतःचा परिसरही मिळतो. सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात वाघाचा वावर आहे, आणि वाघाला देव मानून पुजण्याची परंपराही गोव्यात आहे. ज्या कथनात सिंह येतो, तिथे ‘हा आपल्या रानात भेटेल का’ हा प्रश्न मुलंच विचारतात. आशियाई सिंह आज फक्त गुजरातमध्ये आहेत, हे मग सांगावं लागतं आणि नकाशा आपोआप उघडला जातो.

सुट्टीच्या गृहपाठासाठी मी एकच गोष्ट सुचवेन: मुलांनी घरच्या आजीकडून, तिच्या बोलीत, एक गोष्ट ऐकून आणावी. भारतीय लोककथांचा इंग्रजीतला एक आद्य संग्रह असाच झाला. 1865-66 च्या हिवाळ्यात दख्खनच्या प्रवासात मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर यांना त्यांच्या आया अ‍ॅना लिबेराता डिसोझा यांनी गोष्टी सांगितल्या आणि 1868 मध्ये त्या छापल्या गेल्या. अ‍ॅना यांचे आजोबा गोव्याजवळ येऊन स्थायिक झाले होते, तिथेच ते ख्रिस्ती झाले. आणि गोष्टी अ‍ॅना यांना मिळाल्या होत्या त्यांच्या आजीकडून.