तेरा हजारांना विचारलं, तरी शंका कशाला?

एप्रिल 2025 मध्ये एक बातमी गाजली: ब्रिटनमधली तरुण पिढी पुन्हा चर्चकडे वळते आहे. बायबल सोसायटीने यूगव्ह या कंपनीकडून इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वेक्षण करून घेतलं होतं. 18 ते 24 वयोगटात महिन्यातून किमान एकदा चर्चला जाणारे 2018 मध्ये 4 टक्के होते, ते 2024 मध्ये 16 टक्के झाले, असा त्याचा निष्कर्ष. नमुना 13 हजारांहून मोठा. 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' (बीएसए) हे सर्वेक्षण त्याहून बरंच कमी लोकांना विचारतं. त्यात अशी लाट दिसली नाही, आणि अभ्यासकांनी विश्वास ठेवला तो बीएसएवर.

'सुमारे सात कोटींच्या देशात तीन हजारांना विचारून काय कळणार?' ही शंका नेहमीची. त्रुटीचा अंदाज देशाच्या लोकसंख्येवर जवळजवळ अवलंबूनच नसतो, तो नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळावर ठरतो. 1,000 जणांत कमाल त्रुटी सुमारे ±3 टक्के, 3,000 जणांत ±1.8. त्रुटी निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून कोणी लाखभर लोकांच्या मागे धावत नाही. अट एकच: निवड यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, हवी. सगळी मेख इथे आहे.

बीएसए 1983 पासून चालू आहे. त्याची निवड सुरू होते ती रॉयल मेल या टपालसेवेच्या पत्त्यांच्या यादीपासून. 2019 पर्यंत, घरोघर जाऊन मुलाखती होत तेव्हा, आधी पोस्टकोडचे काही विभाग निवडत. ज्या विभागात पत्ते जास्त, त्याची निवड होण्याची शक्यता तितकीच जास्त. मग त्या विभागातले ठरावीक पत्ते. पत्त्यावर चार प्रौढ राहत असतील तर त्यातला एकच, तोही चिठ्ठी टाकल्यासारखा. दार उघडणाऱ्याला विचारून मोकळं व्हायचं नाही, कारण दुपारी दार उघडतात ते बहुधा निवृत्त लोक. घरी कोणी नसेल तर मुलाखतकाराने वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा जायचं. कंटाळून शेजारच्या घरात शिरायला सक्त मनाई. चौघांच्या घरातल्या माणसाची निवड होण्याची शक्यता एकट्या राहणाऱ्याच्या पाव असे, म्हणून त्याच्या उत्तराला चौपट भार देत. आणि तरीही हे चित्र संपूर्ण नसतं: उत्तर आयर्लंड यात नाही, स्कॉटलंडमधला कॅलेडोनियन कालव्याच्या उत्तरेचा विरळ वस्तीचा भागही वर्षानुवर्षं वगळला गेला.

यूगव्हचं सर्वेक्षण मात्र ऑनलाइन पॅनेलवर, म्हणजे नाव नोंदवलेल्या लोकांच्या गटावर, चालतं. अशा पॅनेलमध्ये माणूस स्वतःहून नाव नोंदवतो आणि प्रश्नावली भरून गुण कमावतो. काही जण न वाचताच टिचक्या मारत सुटतात. अमेरिकेत प्यू संस्थेने अशाच एका ऑनलाइन चाचणीत एक गमतीचा प्रश्न घातला होता. तिशीच्या आतल्या 12 टक्के लोकांनी अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आपल्याकडे असल्याचं सांगितलं!

आता थोडं गणित. 100 पैकी 10 जण बेफिकीर आहेत आणि त्यातले निम्मे 'हो' वर टिचकी मारतात असं धरा. खरं प्रमाण 50 टक्के असेल, तर उरलेल्या 90 मधून 45 'हो' येतात, अधिक 5, एकूण 50. काहीच बिघडलं नाही. पण खरं प्रमाण 4 टक्के असेल, तर 90 मधून 3.6, अधिक 5, म्हणजे 8.6. प्रमाण दुपटीहून जास्त फुगलं. म्हणून 'चहा की कॉफी' अशा प्रश्नांत पॅनेल बरं चालतं आणि दुर्मीळ गोष्टींत तोंडघशी पडतं. पॅनेलमध्ये तरुण कमी सापडले तर सापडलेल्यांना जादा भार देतात, त्यासोबत त्यांच्यातल्या बेफिकिरांचाही भार वाढतो. अशी उत्तरं दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात वाढली असतील, तर प्रत्यक्षात काहीही न बदलता आलेख वर चढतो.

ब्रिटनची 2015 ची निवडणूक हाच धडा वेगळ्या रीतीने देऊन गेली. मतदानपूर्व चाचण्यांत काँझर्व्हेटिव्ह आणि लेबर बरोबरीत होते. प्रत्यक्षात काँझर्व्हेटिव्ह सुमारे साडेसहा टक्क्यांनी पुढे गेले. पॅट्रिक स्टर्जिस यांच्या चौकशी समितीने मुख्य दोष प्रातिनिधिक नसलेल्या नमुन्यांवर ठेवला. निवडणुकीनंतर यदृच्छ पत्त्यांवर जाऊन केलेल्या सर्वेक्षणांत मात्र ती आघाडी दिसली.

राष्ट्रीय आकड्यांतून जिल्हे कोरून काढणं हा आणखी एक उद्योग. स्कोनवर (चहासोबत खायच्या छोट्या केकसारख्या पावावर) आधी जॅम लावायचा की क्रीम, यावर कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारच्या इंग्लिश जिल्ह्यांचं जुनं भांडण आहे. 1,000 जणांच्या नमुन्यात कॉर्नवॉलचे येतात जेमतेम नऊ जण. नऊ जणांवरची त्रुटी ±33 टक्के! अशा आकड्यावर मथळा करणारे आणि टीव्हीवर 'तुमचा कौल पाठवा' म्हणणारे यांच्यात फारसा फरक नाही.

नीट केलेलं मोजमाप मात्र थक्क करतं. 'पुरुषाने कमवावं, बाईने घर सांभाळावं' हे 1987 मध्ये 48 टक्क्यांना पटत होतं, 2022 मध्ये फक्त 9 टक्क्यांना. समलिंगी संबंधांत 'काहीच गैर नाही' म्हणणारे 1983 मध्ये 17 टक्के होते, एड्सच्या भीतीच्या काळात, 1987 मध्ये, 11 वर घसरले आणि 2022 मध्ये 67 झाले.

यातही एक सांधा आहे. 2020 मध्ये कोविडमुळे घरोघरच्या मुलाखती थांबल्या. आता पत्त्यावर पत्र जातं आणि लोक स्वतः ऑनलाइन उत्तर देतात. समोर मुलाखतकार बसलेला असताना संकोचून दिलेलं उत्तर आणि एकट्याने पडद्यावर दिलेलं उत्तर एकच असेल असं नाही. त्यामुळे 2019 ते 2020 दरम्यानची उडी दिसली, तर मतं किती बदलली आणि पद्धतीने किती बदलवली, हे वेगळं करावं लागतं.