हॉल एचची रांग एवढी का वाढली? थोडी पार्श्वभूमी

दर जुलैत अमेरिकेतल्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनचे, म्हणजे कॉमिक्स आणि पिक्चरच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्याचे, फोटो यायला लागले की आपल्याकडच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, एका तासाच्या पॅनेलसाठी (स्टेजवर नट-दिग्दर्शकांच्या गप्पा असतात त्यासाठी) ही माणसं रात्रभर फुटपाथवर का झोपतात? फॅन लोक वेडेच असतात असं म्हणून बरेच जण विषय संपवतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. ती रांग, म्हणजे मोठी पॅनेल होतात त्या हॉल एचच्या बाहेरची, एका नियमाने वाढवलीये. एक पॅनेल संपलं की तिथे हॉल रिकामा करत नाहीत. सकाळी आत शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीवर बसू शकतो. बाकी सगळं हळूहळू याच्यातून आलंय.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. मार्च 1970 मध्ये डाउनटाउनमधल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात एक दिवसाचा छोटा मेळावा झाला, शंभर-दीडशे माणसं असतील, मग ऑगस्टमध्ये तिथेच तीन दिवसांचा. सगळा भर कॉमिक्सवर आणि सायफायवर, जुने अंक विकणारे आणि चित्रकारांना गाठून बोलणारे वाचक. 1976 मध्ये स्टार वॉर्सची माणसं तिथे स्लाइड्स दाखवायला आली, पिक्चर यायला तेव्हा वर्षभर होतं आणि तो नक्की कशाबद्दल आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. हॉलिवूड कॉमिक-कॉनमध्ये 'घुसलं' ते हल्लीच, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 1991 पासून कॉन बंदराजवळच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये गेली.

खरा बदल 2004 चा. सेंटरच्या वाढवलेल्या भागातला हॉल एच त्या वर्षीपासून मोठ्या पॅनेलसाठी वापरायला लागले. साधारण साडेसहा हजार खुर्च्या, आणि आत जायचा दरवाजा बिल्डिंगच्या बाहेरून, त्यामुळे रांगही उघड्यावरच लागते. साडेसहा हजार म्हणजे खूप वाटतं, पण कॉनला येतात सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान माणसं. शंभरातल्या पाचेक जणांनाच एका वेळी जागा मिळणार, बाकीच्यांनी काय करायचं?

आता शनिवारचं गणित बघा. पहिलं पॅनेल सकाळी, सगळ्यात मोठ्या स्टुडिओचं संध्याकाळी. संध्याकाळचं बघायचंय तर सकाळीच आत घुसायला लागतं, कारण नंतर खुर्ची रिकामी होईलच याचा भरवसा नाही. मग ज्याला फक्त सकाळचंच पॅनेल हवंय त्याची जागा संध्याकाळवाल्याने अडवलेली असते, म्हणून तो पुढच्या वर्षी पहाटे येतो, मग संध्याकाळवाला आदल्या रात्री येतो, आणि हे असंच मागे मागे सरकत जातं. मध्येच टॉयलेटला जायचं तर दरवाजावर बाथरूम पास घ्यायचा आणि लवकर परत यायचं, खुर्चीवर जॅकेट आणि शेजारच्याचा शब्द. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची तोच प्रकार, फक्त इथे गाडी दिवसभर स्टँडवरच उभी.

2008 मध्ये ट्वायलाइट या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेच्या पिक्चरचं पॅनेल झालं आणि रात्रभर मुक्कामाची रांग सगळ्यांच्या नजरेत आली. पुढच्या वर्षी तर मुली आणि त्यांच्या आया दिवस दिवस आधी येऊन बसल्या. त्यावर जुन्या मंडळींनी जी टीका केली ती मला आजही खटकते. रांग लावणं हा पोरींचा दोष नव्हता, नियम आधीपासून तोच होता, त्यांनी तो फक्त नीट ओळखला. 2010 मध्ये खुर्चीवरून भांडण होऊन हॉल एचमध्ये एकाने दुसऱ्याच्या डोळ्याजवळ पेन खुपसलं, पोलीस आले, पुढचं पॅनेल लांबलं. 2012 मध्ये कॉन सुरू व्हायच्या आधीच सेंटरजवळ रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून ट्वायलाइटची एक चाहती गेली. तो अपघात होता, त्याचं खापर नियमावर फोडता येणार नाही, पण इतके दिवस आधी माणसं रस्त्यावर का होती हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

आयोजकांची बाजूही आहे, ती खोटी नाही. साडेसहा हजार माणसं बाहेर काढायची, दुसरी साडेसहा हजार आत घ्यायची, यात प्रत्येक वेळी बराच वेळ जातो, म्हणजे दिवसातली एक-दोन पॅनेल कमीच करायला लागतील. शिवाय कोणाला छोटं पॅनेल योगायोगाने बघायला मिळतं, आवडतं, हाही फायदा सांगतात. आता न्यूयॉर्कच्या कॉनने मुख्य स्टेजचा हॉल पॅनेलनंतर रिकामा करायची पद्धत आणून बघितली, म्हणजे अशक्य काही नाही. माझ्या मते जास्त माणसांना प्रत्येकी एक पॅनेल मिळणं हे थोड्यांना सगळी मिळण्यापेक्षा बरं. योगायोगाचा फायदा म्हणतात तो आत असलेल्यांचा झाला, बाहेर उन्हात उभ्या असलेल्यांचा काय?

सॅन डिएगोने 2014 मध्ये वेगळा मार्ग काढला, रिस्टबँड. आदल्या संध्याकाळपासून रांगेतल्या लोकांच्या मनगटाला पट्टा बांधायचा, म्हणजे जागा पक्की, आणि ग्रुपमधला एखादा रांगेत थांबला की बाकीचे हॉटेलवर जाऊन झोपू शकतात. मध्यरात्रीची घुसाघुशी यामुळे बरीच कमी झाली हे मान्य करायला पाहिजे. पण एकट्याने आलेल्याला याचा उपयोग कमीच, त्याच्या जागी थांबणार कोण? आणि रात्रीच्या रांगेआधी आता पट्ट्याची रांग आली.

हॉल एकदम रिकामा झाल्याचं मोठं उदाहरण 2015 चं. स्टार वॉर्सच्या पॅनेलनंतर हॉल एचमधल्या सगळ्या प्रेक्षकांना उठवून मागच्या बाजूच्या समुद्राकाठच्या पार्कात नेलं, तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्राची मैफल. सहा हजारांवर माणसं शिस्तीत चालत गेली. लोक उठत नाहीत, हलवता येत नाहीत, या म्हणण्यात किती दम होता ते त्या संध्याकाळी दिसलं, अर्थात शेवटचं पॅनेल होतं, परत भरायचं नव्हतं.

नंतरची वर्षं वेगळीच. 2020 ला कोविडमुळे सगळं ऑनलाइन आणि फुकट, रांगच नाही. 2023 ला कॉनच्या तोंडावर हॉलिवूडच्या नटांचा संप सुरू झाला, नटांना प्रमोशन करायला बंदी, मोठे स्टुडिओ गायब. त्याच वर्षी आपला 'प्रोजेक्ट के' हा तेलुगू पिक्चर तिथे पोचला, प्रभास आणि कमल हासन स्टेजवर, आणि 'कल्की 2898 एडी' हे नावही तिथेच जाहीर झालं. 2024 ला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर मुखवटा काढून मार्व्हलचा खलनायक डॉक्टर डूम म्हणून समोर आला आणि रांगा पुन्हा पहिल्यासारख्या. 2025 ला मार्व्हलने मोठं पॅनेल ठेवलं नाही, पण जॉर्ज लुकस पहिल्यांदाच कॉमिक-कॉनच्या पॅनेलवर आले, तेही पिक्चरसाठी नाही, चित्रकथांच्या म्युझियमसाठी.

एवढ्या सगळ्यात पट्टे आले, कोणत्या स्टुडिओला वेळ द्यायचा ते दरवर्षी बदललं, फक्त खुर्चीचा नियम तेवढा कोणी बदलला नाही. आणि तो बदलत नाही तोपर्यंत पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉल एचचा एक पूर्ण दिवस गेला असं धरूनच प्लॅन करावा, किंवा वरच्या छोट्या खोल्यांमधली चित्रकारांची पॅनेल बघावी, तिथे बऱ्याचदा आयत्या वेळी गेलं तरी जागा मिळते.