अणुऊर्जेवरची विमानवाहू नौका 'स्वयंपूर्ण' नसते

‘एकदा अणुइंधन भरलं की विमानवाहू नौकेला 20-25 वर्षं बाहेरून काहीच लागत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातलं खरं एवढंच, की अमेरिकेच्या निमित्झ वर्गातल्या नौकांच्या अणुभट्ट्यांमध्ये सुमारे 50 वर्षांच्या आयुष्यात एकदाच इंधन बदलतात. त्याच वेळी जहाज अक्षरशः उघडून दुरुस्त होतं. याच वर्गातल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ नौकेचं हे काम 2017 ते 2023 चाललं!

पण अणुभट्टी जहाज चालवते, विमानं नाही. विमानांचं इंधन, दारूगोळा, अन्न आणि सुटे भाग पुरवठा जहाजांकडून भर समुद्रात घ्यावे लागतात. जहाजावर विमानांच्या इंजिन दुरुस्तीची कार्यशाळा असते, तरी प्रत्येक भाग तिथे घडवता येत नाही. तातडीचे भाग विमानाने येतात. एफ-35 या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा मुख्य भाग सी-2 ग्रेहाउंड या जुन्या मालवाहू विमानात मावत नव्हता. आता तो सीएमव्ही-22 ऑस्प्रे या हेलिकॉप्टरसारखं उभं उडणाऱ्या विमानातून नेता येतो.

अमेरिकेच्याच ‘एंटरप्राइझ’चं उदाहरण तर आवर्जून सांगावंसं वाटतं. 1961 साली नौदलात आलेली, 8 अणुभट्ट्यांची ही नौका तिच्या वर्गातली एकमेव. भगिनी जहाजच नसल्याने उतारवयात तिचे कित्येक भाग खास बनवून घ्यावे लागले.