‘इच्छा’ हा शब्द कुठे घसरतो : शोपेनहॉवरच्या निराशावादाची पार्श्वभूमी

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरचा मुख्य ग्रंथ ‘डी वेल्ट आल्स विले उंट फोरश्टेलुंग’ (जग : ‘विले’ आणि ‘फोरश्टेलुंग’ म्हणून) १८१८ च्या डिसेंबरात लायपझिशला छापून झाला. मुखपृष्ठावर साल पडले १८१९. त्याचे चार भाग आहेत : ज्ञान, निसर्ग, कला आणि नीती. चारही भाग ज्या एका खिळ्याला टांगले आहेत तो जर्मन शब्द म्हणजे ‘विले’. मराठीत त्याला सर्रास ‘इच्छा’ म्हणतात, आणि वाचकाची पहिली ठेच तिथेच लागते. दुसऱ्या भागात दगडाचे खाली पडणे, चुंबकाचे वळणे, बीजाचे रुजणे हे सगळे ‘इच्छा’ म्हणून समोर येते. दगडाला कसली आली इच्छा, म्हणून वाचक पुस्तक मिटतो.

ग्रंथाच्या बाविसाव्या परिच्छेदात लेखकाने या नावाचे कारण दिले आहे. एखाद्या जातीला स्वतंत्र नाव नसेल, तर तिच्यातल्या सर्वांत ओळखीच्या प्रकाराचे नाव सगळ्या जातीला द्यायचे. आपल्याकडे ‘तेल’ शब्दाचे हेच झाले. मुळात ते तिळाचे. पुढे करडईचे, शेंगदाण्याचे आणि जमिनीतून उपसलेलेही तेलच. तीळ दिसत नाही म्हणून खनिज तेलावर कोणी हरकत घेत नाही. माणसाला स्वतःच्या आत जी ओढ थेट जाणवते ती इथे तीळ. ‘शक्ती’ हा सोपा शब्द शोपेनहॉवरने जाणूनबुजून टाळला. शक्तीची कल्पना आपण बाहेरच्या घटनांवरून बांधतो, ‘विले’ मात्र आतून कळते; म्हणून अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरून समजून घ्यायची, उलट नाही.

मग मराठीत काय म्हणावे? ‘संकल्प’ म्हटले तर आधी हेतू ठरवणारे मन गृहीत धरावे लागते, आणि ही ओढ आंधळी आहे. ‘वासना’ शब्दाचा जुना, संस्काराचा अर्थ आता मागे पडून उरला आहे तो बहुधा कामवासनेचा. तो अगदीच गैरलागू नाही, कारण शोपेनहॉवर जननेंद्रियांना ‘विले’चे केंद्रच मानतो, पण त्यात दगड बसत नाही. ‘तृष्णा’ परिणामाचे वर्णन छान करते, मुळाचे नाही. सर्वांत घातक शब्द ‘इच्छाशक्ती’. मराठीत तो मनोनिग्रहासाठी वापरतात, म्हणजे नेमका उलट्या टोकाला. चौथ्या भागातला ‘विले’चा नकार, म्हणजे या ओढीकडे पाठ फिरवणे, ‘इच्छाशक्तीचा त्याग’ असा लिहिला की संन्याशाऐवजी आळशी माणूस डोळ्यांसमोर येतो. सजीवांपुरता ‘जिजीविषा’ हा शब्द सर्वांत जवळचा. ‘जगण्याची विले’ म्हणणे ही द्विरुक्तीच आहे, असे ग्रंथातच म्हटले आहे.

दुसरा गुंता इंग्रजीमार्गे आला. १८८३ ते १८८६ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराने ग्रंथनामातल्या ‘फोरश्टेलुंग’ या दुसऱ्या शब्दासाठी ‘आयडिया’ वापरले. पण तिसऱ्या भागात प्लेटोच्या अर्थाने येणारी ‘आयडिया’ ही वेगळीच चीज आहे. एक म्हणजे जाणिवेपुढे उभे राहणारे जग, दुसरे म्हणजे वस्तुजातीचे कायमचे रूप. १९५८ च्या नव्या इंग्रजी भाषांतराने ही चूक दुरुस्त केली. पहिल्यासाठी ‘प्रतिभास’ आणि दुसऱ्यासाठी ‘आदिरूप’ असे दोन शब्द ठेवले तर कलेचा भाग सुटतो, एरवी नाही.

दुष्टपणाचा विचारही याच मुळातून निघतो. ही ओढ कधी भागत नाही, म्हणून दुःख ही प्रत्यक्ष जाणवणारी गोष्ट आणि सुख म्हणजे केवळ दुःखाभाव. दुष्टाई ही चांगुलपणाची उणीव आहे, या जुन्या युरोपीय मताला दिलेली ही सरळ कलाटणी. माणसाच्या कृतीमागे तीन प्रेरणा : स्वार्थ, द्वेष आणि करुणा. स्वार्थी माणसाला स्वतःचे भले हवे असते. द्वेष्ट्याला दुसऱ्याचे वाईट हवे असते, स्वतःचा फायदा नसला तरी. करुणेत ‘मी’ आणि ‘तो’ यांतली भिंत पातळ होते. या मांडणीचा निबंध एका डॅनिश विद्वत्संस्थेने १८४० मध्ये नाकारला, स्पर्धेत तो एकटाच असूनही. समकालीन बड्या तत्त्वज्ञांवरची शेरेबाजी हे एक उघड कारण होते, आणि ती खरोखर बेताल होती. पुढे छापताना ‘पारितोषिक न मिळालेला’ असे मुखपृष्ठावरच घालून लेखकाने उट्टे काढले.

कला म्हणजे या ओढीला मिळालेली तात्पुरती सुट्टी. म्हणून कसोटी कडक आहे. डच चित्रांतली फळे चालतात. पण वाढून ठेवलेले कालव, हेरिंग, लोणी-पाव आणि बिअर चालत नाहीत, कारण ते पाहून भूक लागते आणि पाहणारा पुन्हा ‘विले’च्या दावणीला बांधला जातो. संगीताखेरीजच्या कला पायरीपायरीने आदिरूपे दाखवतात : वास्तुकला वजन आणि कणखरपणा यांचा झगडा दाखवते, शोकांतिका माणसाचा. संगीत या उतरंडीबाहेरचे. ते आदिरूपांची नव्हे, थेट ‘विले’चीच प्रतिकृती आहे : खर्जात जड सृष्टी, मधल्या स्वरांत वनस्पती आणि प्राणी, वरच्या चालीत माणूस. ही जोडणी पाश्चात्त्य स्वरमेळावर बेतलेली आहे. एकाच स्वररेषेवर चालणाऱ्या आपल्या रागाला ती तशीच लावली तर फसते. सर्जनशीलतेचे तर त्याने प्रमाणच दिले आहे. सामान्य माणसात दोन तृतीयांश ‘विले’ आणि एक तृतीयांश बुद्धी, प्रतिभावंतात हेच उलटे. संकल्पना आधी ठरवून केलेली कला त्याच्या मते वांझ. नक्कल करणारे तिथेच अडकतात.

१८५१ च्या निबंधसंग्रहाने आणि १८५३ मधल्या एका इंग्रजी नियतकालिकातल्या लेखाने उशिरा कीर्ती आली. १८५४ मध्ये एका जर्मन ऑपेराकाराने मूळ ग्रंथ वाचला आणि प्रणयातूनच मुक्ती मिळते असा अर्थ लावला. शोपेनहॉवरच्या लेखी प्रणय हा ‘विले’चा सर्वांत मोठा होकार होता. ऑपेराकाराने ही ‘दुरुस्ती’ पत्राने कळवायला घेतली, पण पत्र अर्धेच राहिले.

भारताशी असलेले नाते मात्र फुगवून सांगितले जाते. दारा शुकोहने १६५७ मध्ये ५० उपनिषदे फारसीत आणवली. त्यांचे लॅटिन रूपांतर १८०१-०२ मध्ये छापले गेले आणि १८१४ मध्ये वायमारला शोपेनहॉवरच्या हाती पडले. ‘माया’ पहिल्या आवृत्तीतच आहे; बौद्ध संदर्भ वाढले ते पुढच्या आवृत्त्यांत. प्रस्तावनेतला त्याचा दावा असा की उपनिषदांतली सुटी वचने आपल्या विचारातून काढता येतील, पण आपला विचार त्यांत सापडणार नाही. त्याचाच चाहता असलेल्या एका जर्मन संस्कृत पंडिताने १८९३ च्या फेब्रुवारीत मुंबईत वेदान्तावर व्याख्यान दिले. टिळकांनी ‘गीतारहस्या’त सुखदुःखाचा विचार करताना शोपेनहॉवरचा अपूर्णांक घेतला : सुखाच्या इच्छा छेदात, मिळालेले सुख अंशात. पण त्याच प्रकरणात ‘असंतोषः श्रियो मूलम्’ (असंतोष हे ऐश्वर्याचे मूळ) हे महाभारताचे वचनही आहे, आणि छेद शून्यावर आणायला, म्हणजे इच्छाच संपवायला, टिळक तयार नाहीत.