गंगाजळी आणि बेगमी: घरखर्चातल्या दोन वेगळ्या रकमा

महिन्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांतही जूनमध्ये शाळेची फी किंवा मार्चमध्ये विम्याचा हप्ता भरताना ओढाताण होते आणि वहीत ‘अचानक आलेला खर्च’ अशी नोंद पडते. वास्तविक या दोन्ही खर्चांची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. नोकरी जाणे, अपघात होणे, घरातल्या कुणाला तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागणे, हे खरे अचानक आलेले खर्च. ठाऊक असलेल्या पण दरमहा न येणाऱ्या खर्चांसाठी साठवायची ती बेगमी आणि अनपेक्षित संकटासाठी राखायची ती गंगाजळी. दोन्ही रकमा पगारातूनच बाजूला काढल्या जातात आणि दोन्ही बँकेतच पडून असतात, त्यामुळे बहुतेक घरांत त्या ‘बचत’ या एकाच नावाखाली एकाच खात्यात मिसळून जातात.

या मिसळण्याचे तोटे दोन्ही बाजूंनी होतात. खात्यात लाखभर रुपये दिसतात म्हणून दिवाळीला हात सैल सुटतो आणि नोव्हेंबरात कुणी आजारी पडले की उसनवारी करावी लागते. उलट, काही घरे ‘ते पैसे अडीअडचणीचे’ म्हणून त्यांना हात लावत नाहीत आणि फी क्रेडिट कार्डावर भरतात. कार्डाची थकबाकी पुढे ओढली की महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज चढते, आणि बचत खात्यावर वर्षाला तेवढे मिळाले तरी पुष्कळ.

दोन्ही रकमा ठरवण्याची रीतही वेगळी आहे. बेगमी यादीवरून ठरते. समजा, एका घराची वर्षाची यादी अशी आहे: मार्चमध्ये विम्याचे हप्ते 32,000, एप्रिलमध्ये गाडीचा विमा 9,000, मेमध्ये मालमत्ता कर 7,000, जूनमध्ये शाळेची फी 48,000, गणपती आणि दिवाळी मिळून 30,000 आणि वर्षअखेरीस गावची फेरी व लग्नांचे आहेर 18,000. एकूण 1,44,000, म्हणजे महिन्याला 12,000 रुपये. इथपर्यंत अनेक जण येतात, पण पहिल्या वर्षी हा भागाकार फसतो. जानेवारीपासून सुरुवात केली, तर जूनचा हप्ता धरूनही 72,000 जमतात आणि तोवरचा खर्च असतो 96,000. चोवीस हजारांची ही खोट पाहून ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि बेत बारगळतो, वास्तविक चूक फक्त सुरुवातीच्या महिन्याची असते. हेच घर जुलैपासून सुरुवात करते, तर डिसेंबरपर्यंत जमलेल्या 72,000 पैकी 48,000 खर्च होऊन 24,000 शिल्लक राहतात आणि पुढच्या जूनची फीही त्याच 12,000 च्या हप्त्यांत भागते. ज्यांना जानेवारीतच सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिल्या वर्षापुरता प्रत्येक खर्च त्याच्या तारखेपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागावा.

गंगाजळीला यादी नसते, कारण संकटाची किंमत आधी कळत नाही. ती मोजायची ती महिन्यांत: उत्पन्न थांबले तर घर किती महिने चालले पाहिजे? दोघेही नोकरी करत असतील तर तीन महिने, एकाच्याच पगारावर घर असेल तर सहा, आणि हंगामी धंदा असेल तर त्याहून अधिक, असे प्रमाण मला योग्य वाटते. गुणाकार पगाराचा करू नये, न टाळता येणाऱ्या खर्चाचा करावा: भाडे किंवा कर्जाचा हप्ता, किराणा, वीज, औषधे, मुलांची स्कूलबस. यात विम्याच्या हप्त्याचा मासिक वाटाही धरावा, कारण नोकरी गेलेल्या काळात विमा बंद पडणे सर्वांत महागात पडते.

मधल्या जागी काही खर्च उरतात. फ्रिज कधी बंद पडेल हे कळत नाही, पण कधीतरी पडणारच हे नक्की असते. अशा वस्तू माझ्या मते बेगमीत मोडतात: तीस हजारांचा फ्रिज दहा वर्षे टिकेल असे धरले, तर महिन्याला अडीचशे रुपये. गाडीचे टायर आणि पावसाळ्यापूर्वीची गळती-दुरुस्तीही यातच येते.

रक्कम कुठे ठेवायची, हेही या फरकावरून ठरते. बेगमीला तारीख असल्यामुळे बँकेचे आवर्ती ठेव खाते सोयीचे, ज्याची मुदत फी भरण्याच्या आधी संपेल असे पाहावे. भिशीत पैसे जमतात खरे, पण चिठ्ठीत आपला नंबर फेब्रुवारीत लागला तर ते जूनपर्यंत टिकणे कठीण. गंगाजळी मात्र कधीही हाती यायला हवी, म्हणून काही भाग बचत खात्यात आणि उरलेला मुदतीपूर्वी मोडता येणाऱ्या ठेवीत ठेवावा. मोडताना थोडे व्याज बुडते, ते बुडू द्यावे. पंधरा वर्षांची पीपीएफ किंवा शेअर बाजार ही तिची जागा नव्हे.

शिवाय ती सगळी एका बँकेत नसावी. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. 2020 पासून एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमासंरक्षण आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यास ती रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे. परंतु रुग्णालयाची अनामत भरायला नव्वद दिवस मिळत नाहीत. पती-पत्नींची खाती दोन वेगळ्या बँकांत असली, तर ही अडचण बरीचशी टळते.

गंगाजळी वापरावी लागली, तर ती भरून काढताना बेगमीचा हप्ता तोडू नये. सहल, नवा फोन, बाहेरचे जेवण यांतून ती भरावी आणि वर्ष लागले तरी चालेल असे धरावे. बेगमीत काही उरले, उदाहरणार्थ आहेराचे चार हजार, तर ते गंगाजळीकडे वळवण्यास हरकत नाही. उलट दिशेने मात्र पैसे नेऊ नयेत.