यिद्दिश समुदाय-रंगभूमी

अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यूंच्या यिद्दिश भाषेत, त्यांच्या सणांतून, कामगार संघटनांतून आणि वस्त्यांतून वाढलेली नाट्यपरंपरा. यिद्दिश ही मध्ययुगीन जर्मन बोलींवर आधारलेली, हिब्रू, अ‍ॅरेमाइक व स्लाव्हिक शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. ज्या नाटकांचे नट, प्रेक्षक आणि पैसा हे सारे बव्हंशी एकाच समाजातून येतात, त्यांचाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अर्थात धंदेवाईक आणि सामुदायिक रंगभूमी यांतील सीमारेषा यिद्दिशच्या बाबतीत नेहमीच पुसट राहिली आहे.

या परंपरेच्या उगमाविषयी एकमत नाही. ज्यूंना संहारापासून वाचवणाऱ्या, बायबलमधील एस्तेर राणीच्या कथेवरील ‘पुरीमश्पील’ हा तिचा सर्वांत जुना ज्ञात प्रकार होय. पुरीम सणाच्या दिवशी मुखवटे चढवलेली पोरे व कारागीर घरोघर शिरून नाट्यप्रवेश करून दाखवीत आणि ‘आज पुरीम, उद्या सरला, पैसा द्या नि बाहेर काढा मला’ अशा अर्थाचे यमक म्हणून निरोप घेत. ‘पुरीमश्पील’ या संज्ञेचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. परंतु एस्तेरचा पती अहश्वेरोश राजा याच्यावरील नाटकाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संहिता १६९७ च्या हस्तलिखितातील आहे. मधल्या सुमारे दीड शतकात काय सादर होत असे, हा वादाचा मुद्दा आहे. इतिहासकार इग्नात्सी शिपर यांनी विदूषक व लग्नघरच्या गमत्यांच्या आधारे ही परंपरा बरीच मागे नेली. खोने श्मेरुक मात्र उपलब्ध संहितांच्या पलीकडे जात नाहीत आणि त्यांतील रचनेवर जर्मन कार्निव्हल-नाट्याचा व फिरत्या नाटकमंडळ्यांचा प्रभाव दाखवतात. पुराव्याच्या दृष्टीने श्मेरुक यांचे मत अधिक ग्राह्य ठरते. (महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजही पुरीम पाळतो आणि तो होळीच्या सुमारास येत असल्याने त्यास ‘होळीचा सण’ असेही म्हटले जाई, तथापि त्यांची भाषा मराठी असल्यामुळे यिद्दिश परंपरेशी त्यांचा संबंध नाही. बायबलमधील कथा सांगण्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा आश्रय घेतला.)

आधुनिक रंगभूमीचा आरंभ सामान्यतः १८७६ साली रुमानियातील यास शहरात अव्रम गोल्डफाडेन (१८४०–१९०८) यांच्या प्रयोगांपासून मानतात. पोमुल वेर्दे या बागेतील पहिल्या प्रयोगाची तारीख परंपरेने ऑक्टोबरमधील सांगितली जाते. पण रुमानियन कवी मिहाई एमिनेस्कू यांनी सहा नटांच्या या मंडळीचे परीक्षण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लिहिलेले असल्याने ती त्याआधीची मानणे भाग आहे. शिवाय गोल्डफाडेन यांनी नट जमवले ते ब्रोडी शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खानावळींतून गाणाऱ्या ब्रोडर गायकांतून. आणि स्वतः त्यांनी १८६२ मध्ये झितोमीर येथील विद्यालयात श्लोयमे एटिंगर यांच्या ‘सेर्केले’ नाटकात मुख्य स्त्रीपात्र रंगवले होते. त्यामुळे त्यांना ‘जनक’ म्हणण्यापेक्षा, विखुरलेल्या हौशी परंपरांना तिकिटबारीवर आणणारा नाटककार म्हणणे अधिक योग्य. १८८३ मध्ये रशियन साम्राज्यात यिद्दिश नाटकांवर बंदी आल्यावर अनेक नट पश्चिमेकडे वळले.

न्यूयॉर्कमध्ये समाजाचा सहभाग सर्वाधिक स्पष्ट दिसतो. तेथे आठवड्याच्या मधल्या दिवसांचे प्रयोग कामगार संघटना, धर्मादाय मंडळे आणि एकाच गावाहून आलेल्या स्थलांतरितांच्या मंडळ्या (लांड्समानशाफ्ट) सवलतीच्या दराने घाऊक विकत घेत व सदस्यांना तिकिटे विकून संपनिधी, आजाऱ्यांची मदत किंवा दफनभूमीचा खर्च भागवीत. नाटकगृहाला रिकाम्या खुर्च्यांची धास्ती उरत नसे. मात्र कोणते नाटक लागावे यावर मंडळाच्या कार्यकारिणीचेही वजन पडे. कामगार सहकारी संस्थेच्या छत्राखाली वाढलेली फोल्क्सबीने (स्थापना १९१५) आणि कम्युनिस्ट विचारांची आर्टेफ ही हौशी नटांतून उभी राहिलेली मंडळे होत. त्यांपैकी फोल्क्सबीने आजही कार्यरत आहे.

पूर्व युरोपात विल्ना नाटक मंडळीने एस. आन्स्की यांचे ‘द डिबुक’ लेखकाच्या निधनानंतर महिन्याभराने, ९ डिसेंबर १९२० रोजी वॉर्सा येथे रंगभूमीवर आणले. या नाटकाला आन्स्की यांच्या १९१२–१४ मधील लोकसाहित्य-संकलन मोहिमेचा आधार होता. १९४२ च्या जानेवारीत विल्नाच्या गेटोत (नाझींनी ज्यूंना सक्तीने कोंडलेल्या वस्तीत) पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा ‘स्मशानात नाटके करीत नाहीत’ अशी पत्रके लागली. तरी पुढे त्याच वस्तीतील लोक प्रयोगांना गर्दी करू लागले.

युद्धोत्तर काळातील मंडळांत माँट्रियल येथे डोरा वॉसरमन यांनी १९५८ मध्ये सुरू केलेले हौशी मंडळ उल्लेखनीय आहे. अशा मंडळांतील अनेक तरुण नटांना यिद्दिश येत नसल्याने ते रोमन लिपीत लिहिलेले संवाद पाठ करतात आणि प्रेक्षकांसाठी रंगमंचावर अनुवादित ओळी दाखवल्या जातात. तेल अवीवची यिद्दिशश्पील संस्था १९८७ ची आहे. यिद्दिश रंगभूमीविषयीच्या लेखनात मात्र या धर्मनिरपेक्ष प्रयत्नांनाच अधिक जागा मिळते; ब्रुकलिनमधील बोबोव्ह या हसिदी (कर्मठ भक्तिमार्गी ज्यू) पंथीयांत पुरीमच्या रात्री होणारे, फक्त पुरुषांनी सादर केलेले पुरीमश्पील तुलनेने दुर्लक्षित आहे, वस्तुतः यिद्दिश ही घरातील रोजची भाषा असलेल्या प्रेक्षकांपुढे होणारे प्रयोग आता मुख्यतः अशाच समाजांत उरले आहेत.