ईमचं चर्च : प्लेगमध्ये गाव बंद करणारी चावडी

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागातलं ईम हे गाव १६६५-६६ च्या प्लेगसाठी ओळखलं जातं. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. आवारातला कोरीव दगडी क्रूस तर १०६६ मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात येण्याआधीचा.

त्या काळचं पॅरिश चर्च, म्हणजे ठरावीक हद्दीतल्या लोकांचं (त्या हद्दीलाच पॅरिश म्हणत) चर्च, फक्त प्रार्थनेपुरतं नव्हतं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी १५३८ पासून चर्चकडे आल्या. १६०१ च्या कायद्यानं गोरगरिबांसाठी कर गोळा करण्याचं कामही पॅरिशवर पडलं. गावची चावडीच म्हणा ना! त्यामुळे रेक्टर, म्हणजे चर्चचा मुख्य पाद्री, कोण असावा, यावरून गावात तट पडत. ईममध्येही तेच झालं होतं. प्युरिटन (साध्या, कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या) वळणाच्या थॉमस स्टॅन्लीचं रेक्टरपद यादवीनंतर इंग्लंडात राजसत्ता परतल्यावर गेलं, पण गावात त्याचा शब्द चाले. १६६४ मध्ये रेक्टर म्हणून आलेला तरुण विल्यम मॉम्पेसन लोकांना परकाच होता.

सप्टेंबर १६६५ मध्ये शिंप्याकडे काम करणारा जॉर्ज व्हिकर्स दगावला. लंडनहून आलेल्या कापडातल्या पिसवांनी रोग आणला, असं सांगतात. हिवाळ्यात ओसरलेली साथ उन्हाळ्यात उसळली, तेव्हा जून १६६६ मध्ये हे दोघे पाद्री एकत्र आले आणि त्यांनी गावाला हद्दीत राहायला राजी केलं. माझ्या मते खरा पेच इथेच सुटला. एकट्या मॉम्पेसनचं कुणी ऐकलं असतं, असं वाटत नाही. स्वतःची मुलं त्यानं आधीच बाहेर पाठवली होती, हेही सांगायला हवं.

डेव्हनशरच्या अर्लनं अन्नधान्य पुरवलं. हद्दीवरच्या दगडाला पाडलेल्या भोकांत व्हिनेगर भरून त्यात पैसे ठेवले जात. बाहेरचे लोक माल ठेवून ते उचलून नेत. चर्चला कुलूप लागलं, प्रार्थना ककलेट डेल्फ या घळीत उघड्यावर होऊ लागल्या. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्याच शेतात पुरायचं, असं ठरलं. एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनही ऑगस्टमध्ये गेली. तिची कबर मात्र चर्चच्या आवारात आहे. एकूण बळी सुमारे २६०. गावाची मूळ लोकसंख्या किती होती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

१८९४ च्या कायद्यानं पॅरिशचा मुलकी कारभार निवडून आलेल्या मंडळांकडे गेला. प्लेगच्या स्मरणाचं काम मात्र चर्चकडेच राहिलं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये स्मरणाची प्रार्थना होते.